मशीन झोपताना घंटा कुणाच्या हाती? सस्पेंड आणि इंटरप्ट, नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात आम्ही मागांवर पिक मोजणारी छोटी यंत्रं बसवली होती. मागानं एक आडवा धागा टाकला की ती एक पिक. मागाच्या फिरत्या लोखंडी भागासमोर प्रॉक्सिमिटी सेन्सर, सेन्सरची वायर तळहाताएवढ्या लिनक्स बोर्डाला, आणि बोर्डाला बॅटरी. लाईट गेली की माग थांबतात. अर्धा तास वाट बघून बोर्ड झोपतो. लाईट आल्यावर कामगारानं माग चालू केला की पहिल्याच पिकला बोर्डानं उठायचं आणि मोजायला लागायचं, असं ठरलं होतं.

संक्रांतीच्या गड्डा जत्रेच्या सुट्टीनंतर कारखान्याच्या मालकांचा फोन आला. तिथं सगळे त्यांना अण्णा म्हणतात. "मॅडम, तुमचं मशीन झोपलंय ते उठंनाच की ओ. माग सकाळपासनं चालू हायत, आकडा हाय तिथंच हाय."

त्या आकड्यावर कामगाराची मजुरी निघते. चार माग सांभाळणाऱ्या माणसाचे चार तास वहीतून गायब झाले होते, आणि कारण होतं ड्रायव्हरमधला, म्हणजे सेन्सर हाताळणाऱ्या कोडमधला, एक फ्लॅग. तो मीच लावला होता. इंटरप्ट आणि झोप यांचा संबंध मला तेव्हा अर्धवट कळला होता. आता आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींकडूनही तीच गल्लत होताना बघते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

थोडी सी आणि लिनक्सची टर्मिनल वापरता येत असेल तर पुढचं सगळं समजेल. फंक्शन, फ्लॅग आणि फाईलची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर असतो आणि फ्लॅग कॅपिटल अक्षरांत असतात, एवढं लक्षात ठेवा.

आधी स्वतःच्या लॅपटॉपवर बघा

प्रॉक डिरेक्टरीत इंटरप्ट्स नावाची फाईल आहे. वॉच कमांड लावून ती डोळ्यासमोर चालू ठेवा. प्रत्येक ओळ म्हणजे एक इंटरप्ट लाईन. डावीकडे तिचा नंबर, मध्ये प्रत्येक सीपीयूवर ती किती वेळा वाजली ते आकडे, उजवीकडे ती कुणाची आहे ते. इंटेल किंवा एएमडीच्या लॅपटॉपवर ९ नंबरला बहुधा एसीपीआय (मशीनच्या वीज-व्यवस्थेची यंत्रणा) दिसेल. झाकण बंद झालं, पॉवर बटण दाबलं, अशा बातम्या त्या वाटेनं येतात. बऱ्याच लॅपटॉपचा कीबोर्ड १ नंबरला असतो. तसं असेल तर एक अक्षर दाबा, आकडा दोननं वाढेल. कळ दाबताना एक आणि सोडताना एक. माऊस हलवा, वायफायवर काहीतरी उतरवा आणि कुठली ओळ पळते ते बघा. पंधरा मिनिटं असं नुसतं बघितलंत तर इंटरप्ट म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. हार्डवेअर सीपीयूला हाक मारतं, सीपीयू हातातलं काम ठेवून त्या लाईनचा हँडलर, म्हणजे तिच्यासाठी लिहिलेलं फंक्शन, चालवतो आणि परत आपल्या कामाला लागतो.

आता सिस डिरेक्टरीतल्या पॉवर फोल्डरमधली मेम स्लीप फाईल वाचा. आपलं मशीन कुठल्या झोपा घेऊ शकतं ते तिथं लिहिलेलं असतं आणि सध्या निवडलेली झोप चौकोनी कंसात असते. बहुधा दोन नावं दिसतील, एसटूआयडल आणि डीप. एसटूआयडलमध्ये सगळी डिव्हाइस शांत होतात, सीपीयू खोल विश्रांतीत जातात, पण कुणाचीच वीज पूर्ण तोडलेली नसते. त्यामुळे साधा इंटरप्टसुद्धा सीपीयूपर्यंत पोचतो आणि उठायचं की परत झोपायचं हे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ठरवतो. डीपमध्ये सीपीयूच बंद पडतो, मेमरी तेवढी जिवंत राहते. मग उठवण्याचं काम कर्नलच्या हातात राहत नाही. ज्या मोजक्या लाईनींना हार्डवेअरनं आधीच परवानगी देऊन ठेवलेली असते, त्याच उठवू शकतात. एकच ड्रायव्हर एका झोपेतून उठवतो आणि दुसरीतून उठवत नाही, याचं कारण बऱ्याचदा हाच फरक असतो.

झोपायचा क्रम पाठ करा

इथं घाई करू नका. पुढच्या निम्म्या चुका हा क्रम माहीत नसल्यानं होतात.

सस्पेंडचा, म्हणजे झोपायचा, हुकूम आला की कर्नल आधी सगळे प्रोग्रॅम गोठवतो. मग ड्रायव्हरांना एकेक करून हाका मारतो. आधी प्रिपेअर, मग सस्पेंड, मग सस्पेंड लेट. यानंतर सस्पेंड डिव्हाइस आयआरक्यूज हे फंक्शन चालतं (आयआरक्यू म्हणजे इंटरप्ट लाईनच). ते डिव्हाइसच्या इंटरप्ट लाईनी बंद करतं आणि चालू असलेले हँडलर संपेपर्यंत थांबतं. त्यानंतर ड्रायव्हरांना शेवटची हाक जाते, सस्पेंड नोआयआरक्यू. नावातच अर्थ आहे: इथं पोचलात की हँडलर तुमच्यामध्ये येणार नाही. डीप झोपेत पुढे पहिला सीपीयू सोडून बाकीचे उतरवले जातात, उरलेल्याचेही इंटरप्ट बंद होतात आणि मशीन झोपतं.

उठताना हाच जिना उलटा चढायचा. आधी नोआयआरक्यूची रिझ्यूम हाक, मग रिझ्यूम डिव्हाइस आयआरक्यूज म्हणजे लाईनी चालू, मग रिझ्यूम अर्ली, मग साधं रिझ्यूम, शेवटी प्रोग्रॅम वितळतात.

आता यातली फट बघा. तुमच्या ड्रायव्हरचं सस्पेंड फंक्शन संपलं, तुम्ही चिपची वीज काढली. पण लाईन अजून चालू आहे. ती बंद होणार सगळ्यांचं सस्पेंड आणि सस्पेंड लेट झाल्यावर. मधल्या वेळेत इंटरप्ट आला तर तुमचा हँडलर वीज नसलेल्या चिपशी बोलायला जाईल. उठतानाही तीच गत. लाईनी आधी चालू होतात, तुमचं रिझ्यूम फंक्शन नंतर येतं. "माझं सस्पेंड झालं म्हणजे माझे इंटरप्ट थांबले" हे गृहीत धरूनच नवा माणूस कोड लिहितो आणि तो कोड महिन्यातून एकदा मरतो.

मुळात कर्नलला सगळ्या लाईनी अशा एकगठ्ठा बंद का कराव्या लागतात? एका लाईनीवर दोन-तीन डिव्हाइस असू शकतात म्हणून. एकानं लाईन वाजवली की कर्नल त्या लाईनीवरचे सगळे हँडलर चालवतो आणि ज्याचं त्यानं ओळखायचं असतं. त्यातलं एक डिव्हाइस झोपलेलं असेल तर त्याचा हँडलर डिव्हाइसमधलं रजिस्टर (स्थिती सांगणारा कप्पा) वाचायला जातो. पीसीआय कार्ड असेल तर सगळे बिट १ असलेला आकडा हाती येतो, आणि बेसावध हँडलरला वाटतं की सगळ्याच घटना एकदम घडल्या. काही एआरएम चिपवर याहून वाईट होतं. क्लॉक बंद असलेल्या भागाला हात लावला की अख्खी बसच अडकते आणि मशीन तिथंच थिजतं.

प्रत्येक लाईनीला एकच गोष्ट विचारा

झोपेत ही लाईन वाजली तर काय व्हायला हवं? उत्तरं तीनच आहेत.

पहिलं: काही नको, जागं झाल्यावर कळलं तरी चालेल. बहुतेक सगळी डिव्हाइस यात मोडतात. त्यांच्यासाठी खास फ्लॅग लागत नाही. कर्नल लाईन बंद करेल, परत चालू करेल. डिव्हाइस स्वतः शांत करण्याची जबाबदारी मात्र तुमची.

दुसरं: मशीन उठायला हवं. पॉवर बटण, झाकण, घड्याळाचा अलार्म, आणि आमचा सेन्सर. यासाठी फंक्शन आहे एनेबल आयआरक्यू वेक.

तिसरं: झोपण्या-उठण्याच्या सगळ्या धांदलीतही हँडलर चालतच राहायला हवा. यासाठी फ्लॅग आहे आयआरक्यूएफ नो सस्पेंड. हा टायमरसाठी आहे, आणि सीपीयूंच्या आपसातल्या निरोपांसारख्या मोजक्या अंतर्गत कामांसाठी. साध्या डिव्हाइसच्या ड्रायव्हरला तो जवळपास कधीच लागत नाही.

मी सेन्सरच्या लाईनीला दुसऱ्याऐवजी तिसरं लावलं. नावच फसवं वाटलं मला: सस्पेंड करू नको म्हटलं, म्हणजे लाईन जिवंत राहील, आणि जिवंत लाईन मशीनला उठवेलच. तसं होत नाही. कारखान्याचंच उदाहरण घ्या. रात्री माग बंद आहेत, वॉचमन जागा आहे, फेऱ्या मारतो आहे. तो जागा आहे म्हणून मालकाला जाग येत नाही. मालकाच्या खोलीत वाजणारी घंटा वेगळी असते. नो सस्पेंड म्हणजे तो वॉचमन आणि एनेबल आयआरक्यू वेक म्हणजे ती घंटा.

हँडलरचं वागणंही दोन्हीकडे उलटं असतं. नो सस्पेंडच्या लाईनीवर सीपीयू जागा असेपर्यंत हँडलर लगेच चालतो. वेकच्या लाईनीवर, कर्नलनं लाईनी बंद केल्यावर, हँडलर चालतच नाही. पहिला इंटरप्ट आला की कर्नल लाईन बंद करतो, "बाकी आहे" अशी खूण करून ठेवतो आणि झोपायचं काम चालू असेल तर ते सोडून देतो, झोप लागली असेल तर मशीन उठवतो. हँडलरची पाळी येते उठताना लाईनी परत चालू झाल्यावर. म्हणून एकाच डिव्हाइसला दोन्ही लावण्यात काहीच अर्थ नाही. एक सांगतं हँडलर आत्ता चालव, दुसरं सांगतं नंतर.

नो सस्पेंडचा आणखी एक तोटा म्हणजे तो फ्लॅग तुमच्या एकट्याचा राहत नाही. लाईन सामायिक असेल तर ती सगळ्यांसाठीच उघडी राहते आणि शेजाऱ्याचा हँडलर झोपेच्या मध्ये चालतो. टायमरशी लाईन वाटून घ्यावीच लागली, तर अशा शेजाऱ्यासाठी आयआरक्यूएफ कॉन्ड सस्पेंड हा फ्लॅग आहे. तो लावणाऱ्यानं मधल्या वेळेत हँडलर चालला तरी काही बिघडणार नाही याची हमी घ्यायची असते. नवख्यानं शक्यतो त्या वाटेला जाऊ नये.

ड्रायव्हर लिहायला घ्या

उठवणारं डिव्हाइस असेल तर प्रोबमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर कर्नल बोलावतो ते फंक्शन) इंटरप्ट मागून झाल्यावर डिव्हाइस इनिट वेकअप हे फंक्शन बोलवा. हे डिव्हाइस मशीन उठवू शकतं अशी त्यानं नोंद होते, आणि सिस डिरेक्टरीत त्या डिव्हाइसच्या पॉवर फोल्डरात वेकअप नावाची फाईल येते. वापरणारा तिथं एनेबल्ड किंवा डिसेबल्ड लिहू शकतो. वापरणाऱ्याचा हा हक्क काढून घेऊ नका. एखाद्या कारखान्याला आपलं मशीन मागानं उठवलेलं नको असेल, ते त्यांनी ठरवायचं.

सस्पेंड फंक्शनमध्ये डिव्हाइस मे वेकअप विचारा. उत्तर हो आलं तर एनेबल आयआरक्यू वेक. नाही आलं तर डिव्हाइसमधला इंटरप्ट मास्क करा म्हणजे झाका, डिसेबल आयआरक्यू बोलवा, मग चिपची वीज काढा. क्रम हाच ठेवा. रिझ्यूममध्ये उलट: वीज, चिपची मांडणी, शेवटी एनेबल आयआरक्यू. वेक लावला असेल तर डिसेबल आयआरक्यू वेक. या जोड्या सारख्याच हव्यात. वेक न लावता काढायला गेलात तर कर्नल लॉगमध्ये "अनबॅलन्स्ड आयआरक्यू" अशी तक्रार लिहितो. सस्पेंडच्या वेळी आणि रिझ्यूमच्या वेळी मे वेकअपचं उत्तर वेगळं येऊ शकतं म्हणून खरोखर वेक लावला होता का, हे आपल्या स्ट्रक्चरमध्ये लिहून ठेवा.

डिसेबल आयआरक्यू चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबतं. म्हणून हँडलरच्या आतून ते बोलवू नका, तो स्वतःचीच वाट बघत बसेल. आणि हँडलरला लागणारं कुलूप (लॉक) हातात धरूनही बोलवू नका. दोघं एकमेकांसाठी थांबतील आणि मशीन झोपेच्या दारातच अडकेल.

एनेबल आयआरक्यू वेक काय परत करतं ते तपासाच. पहिली चूक दुरुस्त केल्यावर आमचा बोर्ड तरीही उठेना. लॉगमध्ये आकडा छापला तेव्हा उणे ६ आला. म्हणजे ती वायर ज्या पिनला होती, तिच्या इंटरप्ट कंट्रोलरला उठवण्याची सोयच नव्हती. कोड बरोबर आणि पिन चुकीची. शेवटी बोर्डाचा नकाशा काढून वायर दुसऱ्या पिनला हलवली. चिपच्या डेटाशीटमध्ये उठवू शकणाऱ्या पिनांचा तक्ता वेगळा दिलेला असतो. बोर्डाचं डिझाइन करण्याआधी तो बघा. नंतर कळलं तर सोल्डरिंग गन हातात घ्यावी लागते.

नवीन ड्रायव्हर लिहीत असाल तर डेव्ह पीएम सेट वेक आयआरक्यू हे फंक्शन वापरा. २०१५ पासून ते कर्नलमध्ये आहे. एकदा सांगितलं की वेक लावणं-काढणं कर्नल स्वतः करतो, वापरणाऱ्याची परवानगीही तोच बघतो. जोड्या चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. मी आता शिकणाऱ्यांना आधी हातानं लिहायला लावते आणि कळलं की मग हे वापरायला सांगते.

आय-टू-सी वरची डिव्हाइस, थोडं सावकाश

आमच्या बोर्डावर छोटा टचस्क्रीनही आहे. त्याची चिप आय-टू-सी बसवर, म्हणजे चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या वाटेवर, बसते. अशा चिपचा हँडलर थ्रेडमध्ये चालतो, कारण बसवरून वाचायला वेळ लागतो आणि साध्या हँडलरमध्ये वाट बघता येत नाही. शिकायला आलेल्या एका मुलानं एकदा लॉग दाखवला. "ताई, रोज नाही, पण अधूनमधून उठताना हे येतं." ओळ होती: "ट्रान्सफर व्हाइल सस्पेंडेड".

वरचा क्रम आठवा आणि उत्तर तिथंच आहे. उठताना लाईनी चालू झाल्या. लाईट आल्या आल्या कुणीतरी स्क्रीनवर बोट ठेवलं होतं, इंटरप्ट बाकी होता, टचचा थ्रेड चालला आणि बसवर वाचायला गेला. पण बसच्या कंट्रोलरचं स्वतःचं रिझ्यूम अजून यायचं होतं. दुकान उघडण्याआधी गिऱ्हाईक शटरशी येऊन उभं राहिलं. उपाय दोन ओळींचा: टचच्या सस्पेंडमध्ये डिसेबल आयआरक्यू, रिझ्यूमच्या शेवटी एनेबल आयआरक्यू. बसचा कंट्रोलर टचच्या आधी उठतोच, कारण कर्नल पालकाला आधी उठवतो आणि मग मुलांना.

त्या मुलानं आधी वेगळा उपाय केला होता. डिव्हाइस झोपलेलं असताना हँडलरनं काही न करता "हा माझा नाही" असं उत्तर देऊन परतायचं. हे करू नका. लेव्हल प्रकारच्या लाईनीवर डिव्हाइस गप्प होईपर्यंत लाईन वर राहते, म्हणजे हँडलर परत, परत, परत. एक लाख वेळा वाजूनही ९९,९०० पेक्षा जास्त वेळा कुणीच ती आपली म्हटली नाही, तर कर्नल "नोबडी केअर्ड" असं लिहून ती लाईनच बंद करून टाकतो. टच मेलेला दिसतो आणि बिघाड हार्डवेअरचा वाटतो. थ्रेड हँडलर मागताना पहिला हँडलर रिकामा ठेवत असाल तर वनशॉट फ्लॅग विसरू नका. थ्रेडचं काम होईपर्यंत लाईन मिटलेली राहते ती त्यामुळेच.

घंटा वाजली, पण किती वेळा?

पिन बदलली, बोर्ड उठायला लागला आणि अण्णा खूश झाले. पण तिथल्या एका कामगार काकांनी स्वतःच्या वहीत आकडे लिहून ठेवले होते. बोर्ड झोपण्याइतका वेळ लाईट गेली आणि आली की प्रत्येक वेळी त्यांचा आकडा आमच्यापेक्षा चार-पाचनं जास्त भरायचा. सगळ्यांनी सांगितलं, काकांची मोजायची चूक. मला तसं वाटलं नाही, कारण फरक नेहमी एकाच बाजूला होता.

झोपेत किंवा उठताना लाईन वाजली की कर्नल "बाकी आहे" अशी खूण करतो, हे वर आलंच. ती खूण म्हणजे एक बिट. एकदा वाजलं तरी १, पाच वेळा वाजलं तरी १. आमच्या बोर्डाला उठायला जवळपास दोन सेकंद लागायचे. माग मिनिटाला दीडशेच्या आसपास पिक टाकतो, म्हणजे दोन सेकंदात पाच. त्यातली एक मोजली जायची, चार जायच्या. काकांची वही बरोबर होती.

याला ड्रायव्हरमध्ये उपाय नाही, कितीही फ्लॅग लावा. इंटरप्ट काहीतरी घडल्याचं सांगतो. किती घडलं ते तो सांगत नाही. ज्याचा हिशेब हवा, तो हिशेब झोप न घेणाऱ्या कुणाकडे तरी असावा लागतो. आम्ही सेन्सर आणि बोर्ड यांच्यामध्ये एक छोटा मायक्रोकंट्रोलर बसवला. तो सतत मोजतो, त्याला वीज नगण्य लागते. पहिल्या पिकला तो बोर्डाला उठवणारी लाईन वाजवतो आणि बोर्ड उठला की ड्रायव्हर रिझ्यूममध्ये त्याच्याकडून पूर्ण आकडा वाचून घेतो. तुमचं काम पिक मोजण्याचं नसेलही. पाण्याचं मीटर असेल, दाराचा सेन्सर असेल, बटण असेल. रिझ्यूममध्ये इंटरप्टची वाट बघत बसण्यापेक्षा आधी डिव्हाइसची आत्ताची स्थिती वाचा, ही सवय लावून घ्या. एज प्रकारची, म्हणजे सिग्नल बदलण्याच्या कडेलाच वाजणारी, लाईन असेल तर हे जास्तच गरजेचं आहे, कारण खोल झोपेत इंटरप्ट कंट्रोलरचीच वीज गेली असेल तर ती कड कुणी पाहिलेलीच नसते.

तपासणी, आणि मी कुठे फसले

सिसच्या पॉवर फोल्डरात पीएम टेस्ट नावाची फाईल असते, कर्नल त्या सोयीसह बांधलेला असेल तर. त्यात पातळी लिहायची आणि मग स्टेट फाईलमध्ये मेम लिहायचं. मशीन तेवढ्याच पायरीपर्यंत उतरतं, पाच सेकंद थांबतं आणि आपोआप वर येतं. पातळ्या अशा: फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर. एसटूआयडलला शेवटच्या दोन चालत नाहीत. झाल्यावर पीएम टेस्टमध्ये परत नन (काही नाही) लिहायला विसरू नका, नाहीतर मशीन झोपतच नाही म्हणून तासभर डोकं फोडाल.

डिव्हायसेस पातळीवर साधी सस्पेंड हाक तेवढी तपासली जाते. तिथं इंटरप्ट लाईनी अजून बंद झालेल्या नसतात. लाईनी बंद झालेली पहिली पातळी आहे प्लॅटफॉर्म. इंटरप्टचा कोड तपासायचा तर किमान तिथपर्यंत जा.

मी गेले होते. सेन्सरसमोर स्क्रू ड्रायव्हर हलवला, पाच सेकंदांनी मशीन वर आलं, आकडा वाढलेला होता. मी समाधानानं बोर्ड डब्यात बंद केला. आकडा वाढला, कारण नो सस्पेंडमुळे हँडलर त्या पाच सेकंदांत चालत होता. मशीन वर आलं, कारण पाच सेकंद संपले. सेन्सरनं त्याला उठवलंच नव्हतं. रोजचं लाईट जाणं दहा-पंधरा मिनिटांचं, बोर्ड झोपायचा अर्ध्या तासानं, म्हणून संक्रांतीपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणून शेवटची तपासणी खऱ्या झोपेची. टेबलावर आरटीसीवेक कमांडनं साठ सेकंदांचा अलार्म लावून झोपवा. अलार्म ही तुमची सुटकेची दोरी. वीस सेकंदांनी आपल्या डिव्हाइसनं उठवून बघा. मशीन विसाव्या सेकंदाला उठलं तर तुमची घंटा वाजली, साठाव्याला उठलं तर अलार्मनं वाचवलं. मग पॉवर फोल्डरातली पीएम वेकअप आयआरक्यू ही फाईल वाचा. शेवटी कुठल्या नंबरच्या इंटरप्टनं उठवलं तो नंबर तिथं मिळतो, आणि इंटरप्ट्स फाईलशी तो ताडून बघता येतो. कर्नलच्या ओळीत नो कन्सोल सस्पेंड घातलंत तर झोपताना मध्येच अडकलेल्या मशीनचे शेवटचे शब्द सिरियल केबलवर वाचता येतात.

लॅपटॉप झोपवला की लगेच उठतो, ही उलटी तक्रारही बरीच येते. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वरही जातो. बॅगेत जागा राहिलेला लॅपटॉप किती तापतो ते हात लावून बघितलेल्यालाच कळतं. लॉगमध्ये "वेकअप पेंडिंग" अशी ओळ दिसली तर झोपायच्या आधीच कुणीतरी घंटा दाबून धरली आहे असं समजा. प्रॉकच्या एसीपीआय फोल्डरातली वेकअप फाईल वाचा. कुणाकुणाला उठवण्याची परवानगी आहे त्याची यादी तिथं असते. यूएसबीचा कंट्रोलर बऱ्याचदा एक्सएचसी नावानं दिसतो आणि वायरलेस माऊसचा रिसीव्हर त्यावरूनच मशीन जागं करत असतो. ते नाव रूट होऊन त्याच फाईलमध्ये लिहिलं की परवानगी उलटते: चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. रीस्टार्ट केल्यावर हे पुसलं जातं, म्हणून आधी एक-दोन दिवस वापरून बघा आणि मगच कायमचं करा.

कारखान्यात बोर्ड परत बसवला त्या दिवशी आम्ही मेन स्विच पाडला, पाऊण तास चहा घेत थांबलो आणि परत चढवला. काकांनी माग चालू केला आणि तोंडानं मोजायला लागले. वीसला त्यांनी हात वर केला, मी स्क्रीन बघितली. वीस होते.